बारा दासींच्या आईला कोणी सांगितले असेल?

मागील अंकात या सदरात मी प्राचीन ग्रीक कथा स्त्रियांच्या बाजूने नव्याने सांगणाऱ्या कादंबऱ्यांविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली पत्रे नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक आहेत, आणि त्यांतील बहुतेक अचलपूर, राळेगाव, पुसद, आर्वी, मोर्शी या तालुक्यांतील खेड्यांतून आली आहेत. काही पत्रांत राग आहे, काहींत कुतूहल आहे. म्हणून या महिन्याचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. ज्यांनी या कथा वाचलेल्या नाहीत त्यांच्यासाठी आवश्यक तेवढे कथानक उत्तरांतच सांगत गेले आहे.

प्रश्न : आदरणीय बाई, मी पस्तीस वर्षे शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. होमरसारख्या कवीच्या महाकाव्यात आजचे स्त्रीवादी विचार कोंबणे हा त्या कवीवर अन्याय नाही का? मूळ कथा मूळच राहू द्यावी, असे आपणास वाटत नाही का?
— एक निवृत्त शिक्षक, तालुका अचलपूर

उत्तर : गुरुजी, आपली काळजी मला परकी नाही, कारण मीही आयुष्यभर मुलांना हेच सांगत आले की आधी मूळ वाचा आणि मगच मत बनवा. परंतु ग्रीक कथांच्या बाबतीत ‘मूळ’ हा शब्द उच्चारला की पहिली अडचण उभी राहते ती ही की, त्यांतील कोणते मूळ? मेडुसाचेच उदाहरण घ्या. हेसिअड या जुन्या कवीच्या काव्यात ती तीन राक्षसी बहिणींपैकी एक आहे, आणि तिघींपैकी तिलाच तेवढे मरण आहे. त्यानंतर सुमारे सातशे वर्षांनी ओव्हिड या रोमन कवीने तीच कथा सांगताना लिहिले की मेडुसा ही सुंदर केसांची मुलगी होती, समुद्रदेवाने देवीच्या मंदिरातच तिच्यावर बलात्कार केला, आणि देवीने शिक्षा केली ती मात्र तिलाच, तिच्या केसांचे साप करून. जिच्यावर अत्याचार झाला तिलाच शिक्षा झाली, ही आज ‘नवी’ वाटणारी मांडणी अशी दोन हजार वर्षांची जुनी आहे. जिच्यावरून ट्रॉय शहराचे युद्ध पेटले त्या हेलनचेही तसेच आहे. होमरची हेलन ट्रॉयच्या तटावर उभी आहे, अथेन्सचा नाटककार युरिपिडीस याच्या इ.स.पूर्व ४१२ मधील नाटकातली हेलन ट्रॉयला गेलेलीच नाही, ती इजिप्तमध्ये आहे आणि ट्रॉयमध्ये तिची छायामूर्ती तेवढी आहे. अथेन्सच्या प्रेक्षकांनी हे नाटक पाहिले आणि होमरही आदराने ऐकत राहिले. कथेचा सांधा बदलणे ही त्यांच्या कवींची रोजची रीत होती.

त्याच युरिपिडीसने इ.स.पूर्व ४१५ मध्ये ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ हे नाटक रंगमंचावर आणले. त्याच्या आदल्याच हिवाळ्यात अथेन्सने मेलोस नावाचे बेट जिंकून तिथल्या पुरुषांची कत्तल केली होती आणि बायकामुले गुलाम म्हणून विकली होती. तो रक्तपात करून आलेले नागरिक प्रेक्षागृहात बसले असताना कवीने त्यांच्यापुढे हरलेल्या शत्रूच्या बायका उभ्या केल्या आणि त्यांना बोलू दिले.

आता होमरकडे येते. ट्रॉयच्या युद्धावरील त्याच्या ‘इलियड’चे चोवीस सर्ग आहेत, आणि युद्धात पकडून आणलेल्या ज्या ब्रिसीसवरून ग्रीक वीर अकिलीस व सेनापती अ‍ॅगमेम्नॉन यांचे भांडण पेटते, ती पहिल्या अठरा सर्गांत एक शब्दही बोलत नाही. तिला तंबूतून नेले जाते, परत आणले जाते, तिच्या बदल्यात तिवया, घोडे आणि सोने मोजले जाते. एकोणिसाव्या सर्गात ती अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतापाशी पहिल्यांदा आणि शेवटचे बोलते, सुमारे चौदा ओळी. त्या ओळींत ती सांगून जाते की अकिलीसने तिच्या नवऱ्याला मारले, तिचे शहर लुटले आणि तिचे तिन्ही भाऊ त्याच दिवशी गेले. तिचे बोलणे संपल्यावर होमर लिहितो की भोवतालच्या बायकाही रडू लागल्या. दाखवायला पॅट्रोक्लससाठी, पण प्रत्येक जण आपापल्या दुःखासाठी. गुरुजी, ही ओळ होमरचीच आहे. पॅट बार्कर यांची ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’ ही २०१८ ची कादंबरी ब्रिसीसच्या तोंडून सांगितलेली आहे, आणि माझ्या मते ती या चौदा ओळींच्या आणि त्या रडणाऱ्या बायकांच्या उंबऱ्यातूनच आत शिरते. होमरने दार किलकिले ठेवले होते.

आणखी एक जागा सांगते. ‘ओडिसी’च्या पहिल्याच सर्गात, युद्धाहून न परतलेल्या ओडिसियस राजाची राणी पेनेलोपी माडीवरून खाली येऊन भाटाला सांगते की हे गाणे थांबव, मला सोसवत नाही. तेव्हा मिसरूड फुटत असलेला तिचा मुलगा टेलेमॅकस तिला म्हणतो की तू वर जा, आपला माग आणि चाती सांभाळ. बोलणे हे पुरुषांचे काम आहे. मेरी बिअर्ड या ब्रिटिश विदुषीने २०१४ मधील एका व्याख्यानात याच प्रसंगापासून सुरुवात केली होती. त्या ओळीत ‘बोलणे’ या अर्थी जो ग्रीक शब्द आला आहे तो ‘मुथॉस’ आहे, म्हणजे ज्यापासून पुढे युरोपीय भाषांतील मिथक-वाचक शब्द निघाला तोच. चारचौघांत अधिकाराने बोलणे पुरुषाचे, असे मुलगा आईला सुनावतो आणि आई मुकाट्याने वर जाते. हे वाचल्यावर पेनेलोपी वर जाऊन काय म्हणाली असेल, हा प्रश्न एखाद्या लेखिकेला पडला तर त्यात होमरचा अपमान मला दिसत नाही.

मात्र एका मुद्द्यावर मी आपल्याच बाजूची आहे. अलीकडे अशा कादंबऱ्यांचे पीक फार आले आहे, आणि त्यांतील काहींत नायिका इतकी निर्दोष केली जाते की जुन्या कथेतला देवदत्त वीर जाऊन त्याच्या जागी तितकीच देवदत्त वीरांगना बसते. इरावतीबाई कर्वे यांनी ‘युगान्त’ लिहिताना हे केले नाही. गांधारी, कुंती, द्रौपदी यांना त्यांनी माणसे म्हणून वाचले, आणि भर सभेत धर्माचा काथ्याकूट करणारा प्रश्न विचारणे ही द्रौपदीची चूक होती, असेही लिहून ठेवले. त्यांचे ते मत मला अजूनही पटत नाही. परंतु वाचताना आपल्याला भांडावेसे वाटेल इतकी मोकळीक त्या पुस्तकात आहे.

शिवाय, गुरुजी, आपल्यापासून रिद्धपूर काही लांब नाही. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी महदंबेने ‘धवळे’ म्हणजे लग्नगीते गायिली. कौंडण्यपूरच्या रुक्मिणीची कथा तिच्याआधी पुराणांत होतीच, पण मराठीच्या आद्य कवयित्रीने ती लग्नघरातल्या बायकांच्या गाण्याच्या चालीत आणली. कथा स्त्रीच्या गळ्यात आली की तिचा नूर पालटतो, हे वऱ्हाडाने सातशे वर्षांपूर्वी ऐकलेले आहे.

प्रश्न : ताई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीनंतर कॉलेज नसेल त्या दिवशी आईसोबत कापूस वेचायला जाते. माझी आजी दळताना सीतेच्या ओव्या म्हणायची, त्यांतील काही मला येतात. तुमचा मजकूर वाचून वाटले की आजीही हेच करत होती. माझे बरोबर आहे का? आणि यातले पहिले पुस्तक कोणते वाचू?
— एक विद्यार्थिनी, तालुका राळेगाव

उत्तर : बाळ, तुझे अगदी बरोबर आहे, आणि तू ज्या तालुक्यातून हे लिहितेस त्यामुळे तर मला अधिकच आनंद झाला. जात्यावरच्या ओव्यांतील सीता ही ग्रंथातल्या सीतेपेक्षा वेगळी आहे, हे डॉ. तारा भवाळकरांसारख्या अभ्यासकांनी तपशिलाने दाखवले आहे. वनात एकटी रडणाऱ्या सीतेला समजवायला कोणी ऋषी वा देव येत नाही. बोरी-बाभळीच बायका होऊन येतात. बोर आणि बाभूळ, म्हणजे ज्यांचे काटे आपल्या पायांत मोडतात तीच धुऱ्यावरची झाडे. ही ओवी रचणारीला काव्यशास्त्र कोणी शिकवले नव्हते, पण आपल्या सुखदुःखात कोण उठून येते हे तिला नेमके ठाऊक होते. ब्रिसीसच्या भोवती रडणाऱ्या बायकांची ओळ मी वर सांगितली, ती या ओवीशेजारी ठेवून पाहा.

तुझ्याच तालुक्यात रावेरीला सीतेचे मंदिर आहे, तिथे रामाची मूर्ती नाही. तू ते पाहिले असशीलच. सीतेने बाळंतपणात गावाकडे गहू मागितला, गावाने दिला नाही, आणि तिच्या शापाने त्या शिवारात गहू होईनासा झाला, ही कथा तुझ्या आजीने सांगितली असेल. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्या मंदिराचा जीर्णोद्धार करवला, टाकून दिलेल्या बायकांचे ते ठिकाण व्हावे म्हणून. वाल्मीकींच्या रामायणात तो नाकारलेला गहू नाही. तो गावाने आपल्या अपराधाची आठवण म्हणून कथेत घातला आहे, असे मला वाटते. आणि कापसाच्या पहिल्या वेचणीला पऱ्हाटीत सीतादही करून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तेव्हाही नाव तिचेच घेतात.

ग्रीक कथांत बायकांच्या हाती जात्यापेक्षा मागच अधिक दिसतो. हेलन ट्रॉयमध्ये बसून जांभळ्या वस्त्रात युद्धाची चित्रे विणते आहे, त्यावेळी होमरने अजून ती लढाई धड सांगितलेलीही नाही. फिलोमेलाची गोष्ट तर कापसाच्या मुलखातल्या प्रत्येक मुलीने वाचावी. तिचा मेहुणा टेरियस तिच्यावर अत्याचार करतो आणि तिने कोणाला सांगू नये म्हणून तिची जीभ छाटून तिला रानातल्या घरात कोंडतो. ती माग मागून घेते. पांढऱ्या ताण्यावर जांभळ्या धाग्याने ती घडलेले सारे विणते आणि ते कापड दासीच्या हाती बहिणीकडे पाठवते. बहीण कापड उलगडते आणि वाचते. सोफोक्लीसने या कथेवर लिहिलेले नाटक आज पूर्ण उपलब्ध नाही, पण त्यातला एक शब्दप्रयोग मागे उरला आहे : धोट्याचा आवाज. जिभेऐवजी धोटा बोलला.

आता पहिले पुस्तक. मी तुला मार्गारेट अ‍ॅटवुड यांचे ‘द पेनेलोपियड’ सुचवते. ते २००५ चे आहे, लहान आहे, आणि इंग्रजी फार अवघड नाही. त्याआधी ‘ओडिसी’तला एक प्रसंग मात्र तुला ठाऊक असला पाहिजे.

ओडिसियस युद्धाला गेला तो वीस वर्षे परतला नाही. त्याच्या घरात शंभराहून अधिक मागणीवाले पेनेलोपीला लग्नासाठी अडून बसले आणि त्याचीच गुरेढोरे खाऊ लागले. तिने सांगितले की सासऱ्याचे कफन विणून होऊ द्या, मग ठरवते. तीन वर्षे ती दिवसा विणत राहिली आणि रात्री पलित्याच्या उजेडात उसवत राहिली. चौथ्या वर्षी एका दासीने ते फोडले. एवढा भाग सर्वांना आठवतो. पुढचा बाविसाव्या सर्गातला फारसा कोणी सांगत नाही. ओडिसियस परत येतो आणि सर्व मागणीवाल्यांना मारतो. मग म्हातारी दाई सांगते की घरातल्या पन्नास दासींपैकी बारा जणी त्या पुरुषांबरोबर निजत होत्या. त्या बारा जणींना आधी प्रेते बाहेर नेऊन टाकायला लावतात, मग पाणी आणि बोळे घेऊन मेजे पुसायला लावतात, आणि रक्त धुऊन झाले की अंगणात नेऊन जहाजाच्या एकाच दोरावर ओळीने फाशी देतात. तलवारीने मारा, अशी बापाची आज्ञा होती. असले स्वच्छ मरण यांना नको, असे मुलगा ठरवतो. तोच मुलगा, ज्याने आईला माडीवर धाडले होते. होमर लिहितो की जाळ्यात सापडलेल्या पाखरांसारख्या त्या लटकल्या आणि त्यांचे पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही.

अ‍ॅटवुड यांच्या पुस्तकात पेनेलोपी मृतांच्या लोकातून आपली कथा सांगते, आणि मधेमधे त्या बारा जणी एकत्र येऊन गातात, खेळ करतात, न्यायालयात दाद मागतात. पुस्तकातली खरी धार इथे आहे की, रात्री कापड उसवायला याच मुली तिला मदत करत होत्या आणि मागणीवाल्यांत मिसळून बातम्या काढा असे त्यांना तिनेच सांगितले होते. त्या फाशी गेल्या तेव्हा ती झोपलेली होती. आवाज मिळालेली राणीसुद्धा आपल्या दासींचे देणे फेडू शकत नाही, हे लेखिकेने लपवले नाही. या प्रकारच्या साहित्याला माझा स्वतःचा कस हाच आहे. राणीला बोलते करणे तुलनेने सोपे असते, कारण तिचे नाव आधीच कथेत असते. त्या बारा जणींपैकी अकरा जणींची नावेही होमरने दिलेली नाहीत.

एमिली विल्सन यांनी २०१७ मध्ये ‘ओडिसी’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. संपूर्ण ‘ओडिसी’ इंग्रजीत आणणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. या प्रसंगात जुन्या पुरुष भाषांतरकारांपैकी काहींनी त्या मुलींसाठी ‘वेश्या’, ‘कुलटा’ या अर्थाच्या शिव्या वापरल्या होत्या, ज्या मूळ ग्रीक ओळीत नाहीत. विल्सन यांनी ‘मुली’ आणि ‘गुलाम’ हे शब्द ठेवले. जिला विकत घेतले आहे तिच्या इच्छेला घरात काय किंमत होती, हे ‘गुलाम’ शब्द आल्याबरोबर लक्षात येते.

मागच्या वर्षी वेचणीच्या दिवसांत आमच्या गावच्या वाचनालयाच्या ओट्यावर मी हा सर्ग मराठीत सांगितला. मालकाच्या घरी काट्यावर कापूस मोजून देऊन आठ-दहा बायका परतताना तिथे टेकल्या होत्या. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे प्रत्येकीच्या तोंडी आपला आकडा होता. गोष्ट संपली तेव्हा राणीविषयी कोणी काही विचारले नाही. एका म्हाताऱ्या बाईने लुगड्याला चिकटलेले बोंडाचे कवच काढत मला विचारले, “त्याईच्या मायले कोनं सांगतलं असन?” मी पंचवीस वर्षे ही गोष्ट वाचते आहे, मला हा प्रश्न कधी सुचला नव्हता. अ‍ॅटवुड यांच्या पुस्तकातही त्याचे उत्तर नाही. तू ते पुस्तक वाचून झाल्यावर, ती आई कोण आणि तिला बातमी कशी पोहोचली, हे लिहून पाहा आणि मला पाठव. वऱ्हाडीत लिहिलेस तरी चालेल, किंबहुना वऱ्हाडीतच लिही.

प्रश्न : मेडिआने नवऱ्यावरच्या रागातून स्वतःची मुले मारली. मी दोन मुलांची आई आहे. अशा बाईची बाजू मांडणारे लेखन मला वाचवत नाही. तुम्ही ते वाचायला का सांगता?
— एक वाचिका, तालुका पुसद

उत्तर : ताई, वाचवत नसेल तर वाचू नका; पुस्तकाची कोणावर सक्ती नसते. तरीही दोन गोष्टी सांगते. युरिपिडीसच्या इ.स.पूर्व ४३१ मधील नाटकात मेडिआ करिंथच्या बायकांना उद्देशून बोलते. आधी पैसे मोजून नवरा विकत घ्यायचा आणि मग तोच आपल्या शरीराचा धनी व्हायचा, असा आपला जन्म आहे, असे ती म्हणते. आपण घरात सुखरूप असतो असे पुरुष म्हणतात, पण एकदा बाळंत होण्यापेक्षा मी तीनदा ढाल घेऊन रणात उभी राहीन, असेही म्हणते. हुंडा आणि बाळंतपण हे शब्द ज्यांच्या घरात आहेत त्यांना हे परके वाटू नये. हे शब्द एका पुरुषाने लिहिले, मुखवटा घातलेल्या पुरुष नटाने म्हटले, आणि स्पर्धेत त्या वर्षी युरिपिडीसचा तिसरा क्रमांक आला. नाटककाराने तिचे म्हणणे पूर्ण ऐकवले आणि मुलांचे मरणही टाळले नाही. एकाने दुसरे पुसले जात नाही, म्हणून ते नाटक आजही सहन होत नाही आणि सोडवतही नाही.

दुसरी गोष्ट अशी की मेडिआने मुले मारली हे सर्व जुन्या कथांत नाही. मुले करिंथच्या लोकांनी मारली, अशीही परंपरा प्राचीन काळी होती. क्रिस्टा वोल्फ या जर्मन लेखिकेची १९९६ ची मेडिआवरची कादंबरी हाच धागा घेऊन चालते. तिच्यातली मेडिआ परदेशातून आलेली, औषधे जाणणारी बाई आहे. शहराच्या पायाशी पुरलेले एक जुने पाप तिला कळते, आणि शहर सगळ्या अरिष्टांचे खापर तिच्याच डोक्यावर फोडते. एखाद्या बाहेरून आलेल्या बाईवर गाव कसे उलटते, आणि नंतर तिच्याविषयी काय गोष्टी पसरवते, हे आपण खेड्यात पाहिलेले आहे. तुम्हांला मी आधी हेच पुस्तक देईन, युरिपिडीस नंतर.

प्रश्न : आमच्या घरी तीन वर्षांपासून नापिकी आहे. ग्रीकांच्या राण्यांचे दुःख आम्ही कशाला वाचावे? आपल्याकडे काय कमी आहे?
— एक शेतकरी वाचक, तालुका आर्वी

उत्तर : भाऊ, तुमचा प्रश्न मी टाळणार नाही, आणि तुमचीच भाषा वापरून उत्तर देते, कारण त्या ग्रीकांनीही शेतीचीच भाषा वापरली होती.

ईस्किलसने इ.स.पूर्व ४५८ मध्ये तीन नाटकांची एक मालिका सादर केली. अ‍ॅगमेम्नॉन राजाने युद्धाला वारा मिळावा म्हणून पोटच्या मुलीचा बळी दिला. दहा वर्षांनी तो परतला तेव्हा त्या मुलीच्या आईने, क्लायटेम्नेस्ट्राने, त्याला ठार केले. मग मुलाने आईला मारले, आणि त्याच्यावर खटला उभा राहिला. तिसऱ्या नाटकातल्या त्या खटल्यात अपोलो देव मुलाचे वकीलपत्र घेतो आणि युक्तिवाद करतो की आई ही जन्मदाती नसतेच. पेरणारा तो जन्मदाता, आई फक्त पेरलेले अंकुर सांभाळते. म्हणजे आईला मारणे हे रक्ताच्या नात्यातले पाप नाही. आईविना जन्मलेली अथेना देवी पुरावा म्हणून समोर उभी असते. मते समसमान पडतात, तिचे मत मुलाच्या बाजूने असते, आणि तो सुटतो. आपल्याकडेही मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री हे क्षेत्र आणि पुरुष हे बीज, असेच लिहिलेले आहे.

आता तुम्ही काळ्या जमिनीत आयुष्य काढलेले आहे. एकाच पिशवीतले बियाणे बरड रानात आणि भारी रानात पेरले तर काय होते, हे तुम्हांला कोणी शिकवायला नको. पिकात जमिनीचा वाटा नसतो असे म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही शेतकरी म्हणणार नाही. तरी त्या एका चुकीच्या उपमेवर न्यायालय चालले, आणि तिच्याच आधाराने घराच्या मालकीचा हिशेबही शतकानुशतके मांडला गेला. क्लायटेम्नेस्ट्रावर आज ज्या कादंबऱ्या लिहिल्या जात आहेत त्या तो खटला पुन्हा उघडतात आणि विचारतात की बळी दिलेल्या मुलीच्या खुनाचा खटला कधी चालला? तो कधीच चालला नव्हता.

शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ म्हणून शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करायला सांगितले होते, ते तुम्हांला आठवत असेल. निंदण, वेचणी, खुरपणी जिच्या हातून होते तिचे नाव सातबाऱ्यावर नसते, आणि घरातला कर्ता गेला की तिला तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात. नापिकीच्या वर्षी हे तुमच्या गावातही घडले असेल. अपोलोचा युक्तिवाद मला म्हणूनच अडीच हजार वर्षांपूर्वीचा वाटत नाही.

प्रश्न : पँडोराची पेटी म्हणावे की पेटारा?
— एक वाचक, तालुका दारव्हा

उत्तर : दोन्ही नाही, रांजण म्हणावे. हेसिअडच्या काव्यात पहिली स्त्री पँडोरा जे भांडे उघडते आणि जगात अरिष्टे पसरतात, ते धान्य-तेल साठवण्याचे मोठे मातीचे भांडे आहे. सोळाव्या शतकात इरॅस्मस या पंडिताने लॅटिनमध्ये सांगताना त्याची डबी केली आणि युरोपभर तीच रूढ झाली. नॅटली हेन्स यांनी २०२० मध्ये ग्रीक कथांतील स्त्रियांवर पुस्तक लिहिले त्याचे नावच पँडोराच्या रांजणावरून ठेवले आहे. फरक लहान वाटतो, पण रांजण हा घरातल्या बाईच्या रोजच्या वापरातला असतो आणि तो धक्क्यानेही कलंडतो. डबी मात्र मुद्दाम, चोरून उघडावी लागते. भांडे बदलले आणि पँडोराचा दोष वाढला.

प्रश्न : आमच्या गावातल्या वाचनालयात महिन्यातून एकदा बायकांचे वाचन सुरू करायचे आहे. बहुतेकींना इंग्रजी येत नाही. काय वाचावे आणि कसे वाचावे?
— एक ग्रंथपाल, तालुका मोर्शी

उत्तर : दादा, इंग्रजी येत नाही ही अडचण समजू नका, तुमच्यापैकी एकाने वाचून ठेवावे आणि मराठीत सांगावे, या कथा मुळात सांगण्यासाठीच होत्या. पहिल्या महिन्यात पेनेलोपी घ्या, आणि तिच्याबरोबर आपली दमयंती घ्या, कारण ती विदर्भाची लेक आहे आणि तुमच्या बायका तिला घरची समजून बोलतील. दोघींचे नवरे हरवलेले, दोघींकडे दुसऱ्या लग्नाचा विषय, आणि परत आलेला माणूस तोच का हे दोघी पारखून घेतात. पेनेलोपी पलंग जागचा हलवण्याची गोष्ट काढते. तो पलंग जिवंत झाडाच्या बुंध्यात कोरलेला आहे हे त्या दोघांना आणि एका दासीलाच माहीत असते. दमयंती स्वतःच दुसऱ्या स्वयंवराची आवई उठवते, म्हणजे पेनेलोपीला जे टाळायचे होते त्याचे हिने जाळे केले. मग केशिनी नावाच्या दासीला, हाच आपला नल असावा असा संशय आलेल्या एका कुरूप स्वयंपाक्यावर पाळत ठेवायला पाठवते. केशिनी येऊन सांगते की त्याच्यापुढे ठेंगणे दार आपोआप उंच होते, त्याने पाहताच रिकामी भांडी पाण्याने भरतात. दमयंती तेवढ्यावर विश्वास ठेवत नाही. त्याने शिजवलेले मांस मागवते, एक घास तोंडात घालते, आणि चवीवरून नवरा ओळखते.

दुसऱ्या महिन्यात सर्सी घ्यावी. ‘ओडिसी’त ती खलाशांची डुकरे करणारी मायाविनी आहे, पण होमरने तिला ‘माणसासारखी वाणी असलेली देवी’ असेही म्हटले आहे. मॅडलिन मिलर यांच्या २०१८ च्या कादंबरीत या एका विशेषणातून सबंध पात्र उभे राहते : देवांना तिचा आवाज किरटा आणि माणसांना आपल्यातला वाटतो. डुकरे करण्याचे कारणही तिथे मिळते, आणि ते कारण बायकांना समजावून सांगावे लागणार नाही.

वाचनाची वेळ दुपारी ठेवू नका. पऱ्हाटी फुटलेली असताना कोणी येणार नाही. सायंकाळी, काटा झाल्यावर ठेवा. आणि त्या दिवशी केशिनीलाही विसरू नका. राजवाड्यात खेपा घालून तिने सगळा शोध लावला, आणि नल-दमयंतीची भेट झाल्यावर पुढे तिचे काय झाले हे महाभारतात कुठेही आलेले नाही. बायकांना विचारा, कोणीतरी सांगेल.